सतरा नंबरची नळी

भाद्रपदातला शेवटचा पंधरवडा मला सोसत नाही. गणपती गेलेले असतात, मखर माळ्यावर चढलेलं असतं, पाऊस धड जात नाही आणि धड राहतही नाही. सकाळी अकरालाच ऊन असं तापतं की रस्त्यावरच्या डबक्यांना वास येऊ लागतो, आणि दुपारी पुन्हा एक सर येऊन जाते. बदलापूरच्या माझ्या घराच्या खिडकीतून समोरच्या नव्या बिल्डिंगची गच्ची दिसते. तिथे कोणी कोणी कठड्यावर पान ठेवतं आणि कावळ्याची वाट बघत उभं राहतं. लोक या दिवसांत गेलेल्यांना आठवतात. मला एक जिवंत मुलगा आठवतो.

तो मुलगा म्हणजे माझा भाचा निखिल, दादाचा मोठा. आता बारा वर्षांचा आहे, अंबरनाथला राहतो, खाण्यापिण्यात कुणाला ऐकत नाही. त्याला बघून कोणी म्हणणार नाही की हा कधी आजारी होता. मला मात्र तो अजूनही अडीच वर्षांचाच दिसतो, टॉवेलात गुंडाळलेला, ओठ सुकलेले, आणि वहिनीच्या हातातला चमचा बघून तोंड फिरवणारा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी एम.एस्सी. होऊन उल्हासनगरच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होते. आमची प्रयोगशाळा म्हणजे मागच्या बाजूची एक लांबट खोली. खिडक्या बंद ठेवायच्या, कारण बाहेरची धूळ आत आली की काम बिघडतं. पंखा बंद ठेवायचा, कारण वाऱ्याने बर्नरची ज्योत हलते. त्यामुळे भाद्रपदात त्या खोलीत बसणं म्हणजे कुकरमध्ये बसणं. नळ्यांमधल्या मांसाच्या अर्काचा वास, स्पिरिटचा वास, कोपऱ्यात शिट्टी देणाऱ्या, भांडी निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हची वाफ. त्या वासाची मला इतकी सवय झाली होती की संध्याकाळी घरी गेल्यावर आईच्या आमटीला काही वासच नाही असं वाटायचं.

आमचा विषय होता टायफॉइडचा जंतू. तो माणसाला आजारी पाडतो हे सगळ्यांना माहीत आहे. कसा पाडतो, हा आमचा प्रश्न. पाण्यातून, अन्नातून तो पोटात जातो, आतड्याची भिंत ओलांडतो. तिथे रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. गिळलं की जंतू मेला पाहिजे, त्याच कामासाठी त्या पेशी आहेत. हा मरत नाही. त्यांच्याच पोटात बसून तो अंगभर फिरतो, चोराने पोलिसांच्या गाडीत बसून गाव हिंडावं तसा. पण सगळे टायफॉइडचे जंतू सारखे चिवट नसतात. काही पेशीत गेले की मरतात, काही मजेत वाढतात. हा फरक कुठून येतो ते आम्ही शोधत होतो. उंदरांच्या पोटातून पेशी काढायच्या, त्यांना जंतू खायला घालायचे, काही तास थांबायचं, मग पेशी फोडून आतले किती जिवंत राहिले ते मोजायचं. वेगवेगळ्या रुग्णांच्या रक्तातून मिळालेले जंतू आमच्याकडे नंबर टाकलेल्या नळ्यांमध्ये होते. एकपासून बावीसपर्यंत.

सतरा नंबर सगळ्यांत भारी होता. पेशीच्या आत तो मरायचा तर नाहीच, दुप्पट-चौपट व्हायचा. शिवाय तेव्हा टायफॉइडवर डोळे मिटून दिलं जायचं ते क्लोरॅम्फेनिकॉल त्याला लागू पडत नव्हतं. तो ज्या बाईच्या रक्तातून आला होता ती बावीस वर्षांची होती. औषध चालू होतं, ताप उतरत नव्हता, आणि तिसऱ्या आठवड्यात ती गेली. तिचं नाव आमच्याकडे नव्हतं, फक्त वय होतं. मला तेव्हा चोविसावं चालू होतं. तरी खरं सांगते, सतरा नंबरने मला आनंदच दिला होता. माझ्या प्रबंधाचं सर्वांत चांगलं प्रकरण त्या नळीत होतं.

आता हे आजच्या मुलांना सांगितलं तर पटत नाही, पण आम्ही ते जंतू तोंडाने ओढायचो. काचेची बारीक नळी, पिपेट, जंतूंच्या पाण्यात बुडवायची, वरचं टोक ओठात धरायचं आणि सरबत प्यावं तसं अलगद ओढायचं. खुणेपर्यंत आलं की वर बोट ठेवायचं. वरच्या टोकात कापसाचा बोळा असायचा, तेवढंच काय ते संरक्षण. कपाटात ओढायला रबराचा फुगा होता, पण तो कडक होऊन चिरला होता, आणि आमचे मार्गदर्शक सर म्हणायचे, "मी वीस वर्षं तोंडाने ओढतोय. फुग्याला कुठे कळतं कुठे थांबायचं? ओठाला कळतं." सर मोठे प्रेमळ माणूस होते आणि याबाबतीत साफ चुकीचे होते. माझा तर त्याहून शहाणपणा. कापूस घट्ट भरला की ओढायला जोर लागतो, वेळ जातो. म्हणून मी माझ्या पिपेटींत कापूस सैल भरायचे. दिवसाला शंभर-शंभर नळ्या करायचे आणि त्याचा मला गर्व होता.

घरी हे काही सांगितलं नव्हतं. दादा एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर; अंगाला, केसांना, नखांना कारखान्याचा वास घेऊन यायचा, पण जंतू म्हटलं की त्याच्या अंगावर काटा. निखिल झाल्यावर त्याने मला बसवून सांगितलं होतं, "शैले, शिक, माझी ना नाही. पण तिथलं काही या घरात येता कामा नये. आलं, की त्या दिवशी तुझं शिक्षण बंद."

"दादा, जंतू काय माझ्या पदराला धरून येणार आहेत का?" असं म्हणून मी हसले होते.

गणपतीच्या आठ दिवस आधीची ती दुपार. सतरा नंबरच्या नळीत तळाशी थोडंसंच द्रव उरलं होतं. मी ओढत होते आणि पलीकडे कविताशी बोलत होते. कविता माझ्याबरोबरची, उल्हासनगरच्याच कॅम्प चारमधली सिंधी मुलगी. तिचं मराठी माझ्यासमोर मराठी असायचं आणि घाबरली की हिंदी व्हायचं. ती काहीतरी म्हणाली, माझी मान जराशी वळली, पिपेटीचं टोक द्रवातून वर आलं. टोक वर आलं की हवा घुसते आणि सगळं भसकन वर चढतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मीच हे शिकवायचे. सैल कापूस भिजून जिभेवर आला. कोमट, जरा खारट चव. मी थुंकले, पण थुंकायच्या आधी एक आवंढा घशाखाली गेला होता.

"क्या हुआ? कुठला नंबर होता?" कविता विचारत होती.

"सतरा."

तिने माझी मान धरून मला बेसिनपाशी नेलं. पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्याने मी इतक्या गुळण्या केल्या की दात तपकिरी झाले. "सरांना सांग," ती म्हणाली, "अभी जाके बता दे, यार."

मी सांगितलं नाही. सरांना सांगितलं असतं तर त्यांनी काम थांबवून घरी कळवलं असतं, आणि घरी दादा होता. तूही कुणाला सांगायचं नाहीस, अशी तिला शपथ घातली. एवढाच हिशेब, त्यात दुसरं काही उदात्त नव्हतं.

मी स्वतः आजारी पडेन याची भीती मला फार नव्हती, हे लोकांना विचित्र वाटेल. आम्हा सगळ्यांना टायफॉइडची लस दिलेली होती. दंड दोन दिवस सुजायचा अशी ती सुई. कदाचित मला काहीच होणार नव्हतं. भीती त्याचीच होती. या जंतूची एक वाईट खोड आहे. काही माणसांत तो राहतो आणि त्यांना साधा तापही येऊ देत नाही. ती माणसं हसतात, खेळतात, पोळ्या लाटतात, आणि त्यांच्या हातचं खाणारे आजारी पडतात. माझ्या घरात लस कुणालाच नव्हती. मी पर्समध्ये थर्मामीटर घेऊन हिंडू लागले आणि दर वेळी पारा नॉर्मल दिसला की आणखी घाबरायचे. साबणाने हात इतके धुतले की बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. माझी स्वतःची शौचाची तपासणी मीच खोट्या नंबराखाली दोनदा केली. जंतू वाढवायची प्लेट दोन्ही वेळा स्वच्छ निघाली, पण जंतू रोजच बाहेर पडतो असं नाही, तेव्हा स्वच्छ प्लेटला काही अर्थ नव्हता. जेवढं जास्त माहीत, तेवढं पळायला जागा कमी. तेव्हा मला अडाणी माणसांचा हेवा वाटला होता.

आणि घरात गणपती येऊ घातले होते. आईचे गुडघे धरलेले, म्हणजे मोदक वहिनीने आणि मी करायचे. उकड मळायची, पारी करायची, सारण भरायचं, सगळं हाताने. मला स्वयंपाकघरापासून लांब राहायला कारण हवं होतं, आणि कारण आमच्या घरात तयार होतं. चतुर्थीच्या सकाळी मी आईला म्हटलं, "मी बाजूला बसलेय."

मी हे म्हणावं म्हणजे कमालच होती. पाळीच्या चार दिवसांत कुठे शिवायचं नाही, या प्रकारावरून मी त्या घरात बारा वर्षं भांडत आले होते. विज्ञान शिकलेल्या मुलीने असलं पाळायचं नाही म्हणून मी मुद्दाम लोणच्याच्या बरणीत हात घालायचे. आणि आता मीच बाहेरच्या खोलीत खिडकीखाली वेगळी चटई टाकून, वेगळं ताट-वाटी घेऊन बसले. कुठल्याही डॉक्टरने माझ्यासाठी याहून चांगली व्यवस्था केली नसती.

आई दारात उभी राहून बघत होती. "आत्ताच तर पंधरा दिवसांपूर्वी झाली होतीस ना गं?"

"झाली असेन. होतं असं कधी कधी."

"गणपती गेले की डॉक्टरांकडे चल." तिचा चेहरा बघून मला दिसलं की ती वेगळ्याच काळजीत पडलीय, आणि ती दूर करायलाही माझ्याकडे खरं वाक्य नव्हतं.

वहिनीने एकटीने सगळं केलं. वाफेने तिचा चेहरा लाल झालेला, पदर खोचलेला. चौथ्या दिवशी गौरी जेवायच्या होत्या, पुरणपोळीचा वास सगळ्या चाळीत पसरला होता. मला ताट बाहेर आलं. आत आरती चालू होती, टाळ्या, घंटा, शेजारपाजारचे आवाज. तेवढ्यात निखिल बाहेर आला. इतके दिवस मी त्याला जवळ येऊ दिलं नव्हतं, "आत्याला शिवू नको" असं सगळे त्याला सांगत होते, आणि त्यालाही तो एक खेळ वाटत होता. पण त्या दिवशी तो खेळत नव्हता. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "आत्या, तू लुसलीस?"

मी नाही म्हणाले. त्याने तोंड उघडलं. मी माझ्या पानातल्या पोळीचा एक तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि त्याच्या तोंडात घातला. माझ्या हाताने, माझ्या उष्ट्यातला. त्याने तोंड उघडलं आणि माझा हात पुढे गेला. तो तुकडा चावत पळाला आणि मी ताटावर तशीच बसून राहिले.

पुढचे दहा दिवस मी त्याच्या कपाळाकडे बघत काढले. गौरी-गणपती गेले, पितृपक्ष लागला. वालधुनी नदीचं पाणी एक दिवस लाल, एक दिवस निळं वाहत होतं, कारखान्यांच्या मर्जीप्रमाणे. रिक्षातून पूल ओलांडताना मी नाक धरायचे आणि मनात दिवस मोजायचे. सातवा, आठवा, नववा. अकराव्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर निखिल वहिनीच्या मांडीवर होता. वहिनी म्हणाली, "जरा कोमट लागतोय गं. दात येत असतील."

अडीच वर्षांच्या मुलाला कुठले दात, असं मी म्हणायला हवं होतं. मी चप्पल न काढता तशीच उभी राहिले.

ताप रोज थोडा थोडा चढत गेला. जीभ पांढरी, कडा लाल. चौथ्या दिवशी, सोमवारी, डॉक्टर घरी आले, पोट दाबून बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "टायफॉइडच वाटतोय. तुमचा विषय ना हा? आपण क्लोरॅम्फेनिकॉलचं सिरप सुरू करू."

"आधी रक्त घ्या," मी म्हणाले. "मी कॉलेजात कल्चर लावते."

"वा. घरचीच लॅब," डॉक्टर म्हणाले. वहिनीने माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघितलं की मी खाली बघितलं.

रक्ताची बाटली पदराखाली धरून मी उल्हासनगरला गेले. या तपासणीला घाई चालत नाही. पहिल्या दिवशी रक्त पोषक द्रवात ठेवायचं, दुसऱ्या दिवशी त्यातला थेंब प्लेटवर ओढायचा, तिसऱ्या दिवशी जे उगवेल ते नव्या प्लेटवर पसरून त्यावर औषधाच्या चकत्या ठेवायच्या, आणि चौथ्या दिवशी बघायचं की औषधाच्या भोवती जंतू मेले की नाही. सोमवार ते गुरुवार. तोवर घरी ते सिरप चालू. निखिलचा जंतू जर सतरा नंबर असेल, तर ते सिरप म्हणजे साखरेचं पाणी होतं आणि मी सोडून हे कुणालाच माहीत नव्हतं. दुसरं औषध होतं. डॉक्टरांना एक वाक्य सांगायचं होतं.

"बोल दे, शैला," कविता मला रोज म्हणायची. "बच्चा आहे तो. सर ओरडतील, तेरा भाई मारेगा, और क्या होगा?"

"उद्या प्लेटवर कळेल," मी म्हणायचे. सोमवारीही म्हणाले, मंगळवारी, बुधवारीही.

घरी वहिनी त्याचं नाक धरून चमचा तोंडात घालायची. सिरप कडू होतं, तो निम्मं ओकायचा, ती पुन्हा भरायची. मग ओल्या फडक्याने त्याचे पाय पुसत मला विचारायची, "उतरेल ना गं ताप? तू तर यातलीच आहेस."

"उतरेल," मी म्हणायचे. "वेळ लागतो."

वेळ लागतो हे खरंच होतं. योग्य औषधालाही ताप उतरवायला चार-पाच दिवस लागतात. त्या खऱ्या वाक्याच्या आड मी तीन दिवस लपून बसले. मी भ्याले होते, दुसरं कारण नाही. दादाच्या तोंडाला भ्याले, सरांना भ्याले, प्रबंध जाईल म्हणून भ्याले, आणि सगळ्यांत जास्त वहिनीच्या डोळ्यांना. ती बावीस वर्षांची बाई मला त्या तीन दिवसांत पहिल्यांदा खरी वाटली. तिच्याही उशाशी कोणी बसून चमचा भरत असेल, हे माझ्या आधी कधी मनातच आलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी प्लेट काढली, झाकण मात्र कविताने उघडलं. क्लोरॅम्फेनिकॉलच्या चकतीभोवती मोठं, स्वच्छ, गोल रिकामं कडं होतं. औषधापाशी एकही जंतू उगवला नव्हता. शेजारी ताडून बघायला लावलेला सतरा नंबर मात्र चकतीला चिकटून दाट वाढला होता.

"तेरा नहीं है," कविता म्हणाली आणि रडली. "शैला, तुझा नाहीये तो."

मी रडले नाही. मला भूक लागली. आम्ही दोघी कॉलेजबाहेर गेलो आणि मी दाल-पकवानच्या दोन प्लेटा खाल्ल्या, वर चटणी मागून घेतली. त्या वेळी निखिलला एकशेतीन ताप होता. शेवटचा घास तोंडात असताना मला हे आठवलं.

शनिवारी त्याला घाम सुटला, ताप उतरला. जंतू कुठून आला ते कधीच कळलं नाही. पाण्यातून आला असेल, बर्फाच्या गोळ्यातून आला असेल, या दिवसांत तो सगळीकडेच असतो. मी आयुष्यात पुन्हा तोंडाने पिपेट ओढली नाही. पीएच.डी. झाले, सतरा नंबरच्या प्रकरणाचं परीक्षकांनी कौतुक केलं. आता मी मुलांना शिकवते आणि वर्गात पहिल्या दिवशी रबरी फुगे वाटते. मुलं मला खडूस म्हणतात, ते मला चालतं.

पण एक गोष्ट वाढत गेली. वहिनी दर वर्षी निखिलच्या वाढदिवसाला आल्यागेल्याला सांगायची, "हा हिच्यामुळे वाचला. हिने स्वतः रक्त नेऊन तपासलं, जेवायची शुद्ध नव्हती पोरीला." लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे, आणि निखिल माझ्या गळ्यात हात टाकायचा. घरी फोन आल्यापासून तर कुणाचं नाक गळलं तरी वहिनी आधी मला फोन करायची, मग डॉक्टरांना. धाकट्या ऋताच्या वेळी तर प्रत्येक लस मला विचारून दिली. आठ-नऊ वर्षं हे ऐकून घेतलं. गेल्या वर्षी, याच दिवसांत, तिच्या स्वयंपाकघरात ती गवार मोडत बसली होती आणि मी तिला सगळं सांगितलं. पिपेट, चटई, पोळीचा तुकडा, ते तीन दिवस.

ती गवार मोडतच राहिली. सांगून झाल्यावर म्हणाली, "पोळीचं जाऊ दे. त्याने मागितली असेल." मग हातातली शेंग तिने खाली ठेवली. "पण मी तुला रोज विचारत होते, शैला."

"हो."

"आणि तू म्हणत होतीस, उतरेल."

"हो, वहिनी."

तिने शेंगांची ताटली स्वतःकडे ओढली. "निखिलला सांगू नकोस. त्याचा तुझ्यावर फार जीव आहे."

त्यानंतर आमच्यात काही बिघडलं नाही. दिवाळीला मला बोलावलं, साडी दिली, राखी-भाऊबीज सगळं झालं. या वर्षीच्या गणपतीत आम्ही दोघींनी मिळून मोदक केले आणि ती माझ्या पाऱ्यांना नेहमीसारखी हसली. परवा रविवारी मी सहज अंबरनाथला गेले, तर ऋता खाटेवर उशीला टेकून पेज खात होती. गाल उतरलेले. दाराशी निखिल बूट घालत होता. मी विचारलं, हिला काय झालं?

"ताप होता ना, आत्या," तो म्हणाला. "आठ दिवस. तुला आईने सांगितलं नाही?"